सांगलीत घरदुरुस्तीसाठी ठेकेदार निवडताना: मोजमापापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

घराचं काम निघालं की ओळखीच्या दोघातिघांना फोन जातो आणि पहिला प्रश्न असतो, "रेट काय घेतो?" समोरून एक आकडा येतो. तो आकडा कशावर लावणार, मोजणार कसं, त्यात काय धरलंय आणि काय नाही, हे काम अर्ध्यावर आल्यावर कळतं आणि वाद तिथेच सुरू होतो. खरं तर ठेकेदार कसा आहे हे पहिली वीट हलण्याआधीच बरंचसं कळू शकतं. तो काय विचारतो, काय मोजतो, काय लिहून देतो आणि पैसे कधी मागतो, एवढं नीट बघितलं तरी निम्मी निवड होऊन जाते.

आधी आपलं घर ओळखा

सांगली-मिरज-कुपवाडमधली घरं एका जातीची नाहीत, त्यामुळे सगळ्यांना एकच ठेकेदार चालत नाही.

गावभाग, खणभाग, मिरजेचा जुना भाग इथे अजून दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि माळवद (मातीचं सपाट छत) असलेली घरं आहेत. अशा घरात भिंतच भार घेते. नवीन बंगल्यांच्या कामात मुरलेला ठेकेदार इथे येऊन "ही भिंत काढू, हॉल मोठा होईल" असं सहज म्हणून जातो. 9 इंची किंवा त्याहून जाड भिंत, जिच्यावर तुळई, स्लॅब किंवा वरच्या मजल्याची भिंत टेकली आहे, ती इंजिनिअरने बघितल्याशिवाय हलवायची नाही. साडेचार इंची पार्टिशनचं तसं नसतं, पण तीवरही मागाहून काही टेकवलेलं नाही ना, हे बघायला हवं.

विश्रामबाग किंवा कुपवाड बाजूला काळ्या मातीवरची घरं असतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर उथळ पाया घेतला असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा पडतात. अशी चीर सिमेंटने बुजवून रंग मारून देतो म्हणणारा पुढच्या मे महिन्यात तीच चीर परत दाखवेल. काम हातात घेण्याआधी चिरेवर तारीख घालून पेन्सिलची खूण करा किंवा काचेची पट्टी चिकटवा. दोनतीन महिन्यांत पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. अशा वेळी रंगारी उपयोगाचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो.

तिसरा प्रकार नदीकाठचा. सांगलीवाडी, हरिपूर रोड, गावभागाचा खालचा भाग. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरात ही घरं पाण्यात होती. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आणि तिथली धोका पातळी आहे 45 फूट. पूर येतो तो कोयनेकडच्या पावसाने, त्यामुळे सांगलीत ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं. पुरात भिजलेल्या भिंतीचं काम हे स्वतंत्र कसब आहे. भिंत आतून ओली असताना पुट्टी आणि रंग चढवला की वर्षभरात लोणा फुटतो, पापुद्रे सुटतात. जाणकार माणूस पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा खरवडून वीट उघडी करायला सांगतो आणि ती वाळू देतो. वाळली की नाही हे तुम्हालाही बघता येतं. दोन फूट बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला घाम धरला असेल तर भिंत तयार नाही. "वॉटरप्रूफ रंग मारला की काही होत नाही" असं म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

नावं कुठून काढायची

सिमेंट-हार्डवेअरचं दुकान हा चांगला स्रोत आहे, पण प्रश्न नीट विचारा. "चांगला माणूस सांगा" म्हटलं की दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाचं नाव देतो. त्याऐवजी "उधारी वेळेवर कोण फेडतो?" असं विचारा. ज्याची दुकानात उधारी थकलेली असते, तो तुमच्या ॲडव्हान्समधून मागच्या साइटचं देणं भागवतो आणि तुमचं काम रखडतं. दुसरा स्रोत म्हणजे महापालिकेकडे नोंद असलेले इंजिनिअर आणि आर्किटेक्ट. त्यांना रोज या लोकांकडून काम करून घ्यावं लागतं, त्यामुळे कोण कुठे कच्चा आहे हे त्यांना ठाऊक असतं.

तीन नावं पुरे. पाच-सहा जणांना बोलावलं की कोणीच मनापासून मोजमाप करत नाही.

घर बघायला येतो तेव्हा

चांगला ठेकेदार टेप घेऊन येतो. गच्चीवर जातो, पाण्याची टाकी आणि आउटलेट बघतो, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला हात लावून ओल बघतो, मीटरबोर्ड उघडायला सांगतो. किती माणसं राहतात, काम चालू असताना घरातच राहणार का, पाण्याची वेळ काय, गल्लीत टेम्पो येतो का, हे विचारतो. बोळातल्या घरात वाळू, विटा डोक्यावरून आणाव्या लागतात. ती वाहतूक दरात धरली नसेल तर नंतर "एक्स्ट्रा" म्हणून येते.

दारातच उभं राहून, नुसत्या नजरेने "चार लाखांत करून टाकू" म्हणणाऱ्याचा आकडा दोन्ही बाजूंनी चुकतो. जास्त निघाला तर तुम्ही ठकलात. कमी निघाला तर तो सिमेंट वाचवणार किंवा मधेच निघून जाणार.

एक प्रश्न मुद्दाम विचारा: "या कामात काय बिघडू शकतं?" जुनी पाइपलाइन उघडली की अख्खीच बदलावी लागेल, फरशी काढल्यावर खाली पोकळ निघेल, शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला धक्का बसेल, अशी दोनतीन उत्तरं पटकन देणारा माणूस काम करून आलेला असतो. "काही नाही, निर्धास्त राहा" या उत्तराने सावध व्हा.

अंदाजपत्रक: इथे खरी परीक्षा

तिघांकडून लेखी अंदाज घ्या आणि तो बाबवार हवा असं आधीच सांगा. "बाथरूम रिपेअर, 1 नग" असली ओळ कोणाच्याच कामाची नाही. ओळ कशी असावी याचा एक नमुना देतो:

"बाहेरील गिलावा, दोन थरांत मिळून 20 मिमी, 1:4 प्रमाण, वॉटरप्रूफिंग पावडरसह, पहाड बांधणे आणि पाणी मारणे धरून, दर प्रति चौ. फूट, प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे."

या एका ओळीत जाडी, प्रमाण (1:4 म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू), पहाड (उंचावर कामाला बांधतात ती परांची) आणि पाणी हे चारही वादाचे विषय मिटले. आणि ती तुम्हाला पडताळताही येते. 100 चौरस फूट, म्हणजे एक ब्रास, आतला 12 मिमी गिलावा 1:4 ने केला तर साधारण एक पोतं सिमेंट लागतं. बाहेरच्या 20 मिमीला दीड पोत्यापेक्षा थोडं जास्त. पाच ब्रास बाहेरच्या गिलाव्यात पाचच पोती संपली, तर प्रमाण 1:4 राहिलेलं नाही किंवा जाडी मारली आहे.

रंगाचंही तसंच. आतल्या भिंतीला प्लास्टिक इमल्शनच्या दोन हातांना एक लिटर साधारण 60 ते 70 चौरस फुटांना पुरतं. 2,000 चौरस फूट भिंतीला दहा लिटरच्या एका डब्यात "दोन कोट" झाले असं कोणी सांगितलं तर रंगात पाणी फार झालं किंवा हात एकच बसला.

सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे क्षेत्रफळ कोणतं धरलं. वरचा मजला चढवायचा आहे असं समजा. घर 25 बाय 30, म्हणजे 750 चौरस फूट. चारही बाजूंना स्लॅबचं दोन फूट प्रोजेक्शन असेल तर स्लॅब 29 बाय 34, म्हणजे 986 चौरस फूट. एक जण बांधीव क्षेत्रावर 1,800 रुपये सांगतो, दुसरा स्लॅबच्या क्षेत्रावर 1,500. हे आकडे फक्त हिशेबापुरते घेतलेत. पहिल्याचे होतात 13,50,000 आणि "स्वस्त" वाल्याचे 14,79,000. म्हणून दराशेजारी "कोणत्या क्षेत्रावर" हे लिहून घेतल्याशिवाय तुलना करूच नका.

गिलावा आणि रंगात दार-खिडक्यांची वजावट हा आणखी एक नेहमीचा वाद. काही ठेकेदार सगळं भरीव मोजतात, म्हणजे दाराचं भोकही गिलाव्यात धरतात, आणि कडा करायला वेळ जातो असं कारण देतात. कारण अगदीच खोटं नाही. भारतीय मानकाच्या मोजमाप पद्धतीत 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट करत नाहीत. 0.5 ते 3 चौरस मीटरचं भोक असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट होते, कडा वेगळ्या मोजत नाहीत. हीच पद्धत लिहून ठेवली की दोघांनाही बोलायला जागा राहत नाही.

मजुरीवर द्यायचं की मटेरियलसकट

नुसत्या मजुरीवर दिलं तर माल तुम्हाला आणावा लागतो, पण सिमेंट-सळईच्या दर्जावर तुमचा हात राहतो. ज्याला रोज सकाळी अर्धा तास साइटवर देता येतो त्याच्यासाठी हेच बरं. मटेरियलसकट उक्तं दिलं तर डोकं शांत राहतं, पण मग ब्रँड आणि प्रकार नावानिशी करारात हवेत: सिमेंट कोणतं, सळई फे 500 डी (ही सळईच्या ताकदीची श्रेणी), वायर आयएसआय खुणेची, सीपीव्हीसी पाइप कोणत्या कंपनीचा, फरशी चौरस फुटाला किती रुपयांपर्यंतची. "चांगल्या क्वालिटीचं" या शब्दाला वादात काडीची किंमत नाही.

मधला मार्ग आम्हाला जास्त पटतो. सिमेंट, सळई, वायर, पाइप आणि फरशी तुम्ही घ्यायची. वाळू, खडी, विटा, पहाड आणि बारीकसारीक ठेकेदाराने आणायचं. फरशीच्या दुकानात ठेकेदाराला कमिशन मिळतं, हे सगळ्यांना माहीत असलेलं गुपित आहे. त्यात चोरी नाही, पण दर आधी स्वतः दोन दुकानांत विचारून ठेवा. फरशी मोजून 10 टक्के जास्त घ्या. 2 बाय 2 च्या चार फरश्यांचा बॉक्स असेल तर तो 16 चौरस फुटांचा. उरलेला एक बॉक्स माळ्यावर ठेवा, कारण तीच बॅच नंतर मिळत नाही.

सळई आली की वजन बघा. 12 मीटरची 8 मिमी सळई साधारण 4.7 किलो, 10 मिमी 7.4 किलो आणि 12 मिमी 10.7 किलो भरते. वजन यापेक्षा ठळक कमी भरलं तर सळई बारीक आहे. सिमेंटच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं पोतं स्लॅबला वापरू देऊ नका.

दोन साइट बघा, एक चालू आणि एक जुनी

ठेकेदार दाखवतो ते नुकतं रंगवलेलं, चकचकीत घर. ते बघून काही कळत नाही. त्याला एक चालू साइट आणि किमान दोन पावसाळे खाल्लेलं एक घर मागा.

चालू साइटवर तीन गोष्टी बघा. सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवली आहेत की जमिनीवर ओल्यात पडली आहेत. कालच्या गिलाव्यावर पाणी मारलेलं दिसतं का. बिगारी वाळू घमेल्याने मोजून घालतो की फावड्याने अंदाजे.

जुन्या घरी गच्चीचे कोपरे बघा. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब मिळतात तिथे गोलाई दिली आहे का, पाणी साचल्याचे डाग आहेत का, खालच्या खोलीत छताला पिवळी कड धरली आहे का. बाथरूममध्ये फरशीवर नाणं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. घरमालकाशी एकटं बोला आणि एवढंच विचारा: काम संपल्यावर बोलावल्यावर तो परत आला का?

परवानगी आणि कागद

रंग, फरशी, गिलावा, प्लंबिंग बदलणं अशा अंतर्गत दुरुस्तीला साधारणपणे बांधकाम परवानगी लागत नाही. मजला चढवणं, खोली वाढवणं, कॉलम-बीम किंवा भार घेणाऱ्या भिंतीत बदल करणं याला लागते. सांगली, मिरज आणि कुपवाडसाठी ती महापालिकेच्या नगररचना विभागातून. नदीकाठी निळ्या आणि लाल पूररेषेच्या नोंदी आधी बघाव्यात. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि दोन रेषांच्या मधे अटी आहेत. "परवानगी लागत नाही, इथे सगळे असंच करतात" असं सांगणाऱ्या ठेकेदाराला नोटीस येत नाही. ती घरमालकाच्या नावाने निघते.

मजला चढवताना एक बारीक गोष्ट बघा. खालच्या कॉलमचे वर सोडलेले गज वर्षानुवर्षे उघडे राहून गंजलेले असतात. नुसतं ब्रशने घासून पुढे जाणारा ठेकेदार घेऊ नका. गजाची जाडी कितपत खाल्ली गेली आहे हे इंजिनिअरने बघायचं असतं. नव्या गजाचा लॅपही, म्हणजे जुन्या गजाशेजारी तो जितका जोडून बांधतात ती लांबी, नीट हवा. 12 मिमी गजाला तो सुमारे दोन फूट धरतात.

विजेच्या कामाला परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदार घ्या आणि परवाना बघून घ्या. लाइट-पंख्याला 1.5, प्लगला 2.5 आणि गीझर-एसीला 4 चौरस मिमीची वायर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग, हे अंदाजपत्रकात लिहिलेलं हवं. पूरपट्ट्यात प्लग आणि बोर्ड पूरखुणेच्या वर घ्या. मीटर उचलायचा असेल तर तो महावितरणकडूनच.

करार दोन पानांचा पुरतो: बाबवार अंदाजपत्रक, मोजणीची पद्धत, सुरुवात आणि शेवटची तारीख, हप्ते, जादा काम लेखी दराशिवाय नाही, राडारोडा कोण उचलणार, कामगाराला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची. मुद्रांक 500 रुपयांचा घ्या. रक्कम मोठी असेल तर किती मुद्रांक लागेल ते वकिलाला विचारा. बिलात जीएसटी लावत असेल तर त्याचा 15 अंकी-अक्षरी क्रमांक पोर्टलवर तपासा. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो.

पैसे कामाच्या मागे चालले पाहिजेत

चार लाखांच्या दुरुस्तीसाठी हप्ते असे पाडता येतील: सुरुवातीला 40,000, तोडफोड होऊन पाण्याच्या लाइनी टाकून तपासल्यावर 80,000, गिलावा आणि वॉटरप्रूफिंगची पाणीचाचणी झाल्यावर 80,000, फरशी आणि दारं बसल्यावर 80,000, वीजजोडणी आणि रंग झाल्यावर 80,000, आणि शेवटचे 40,000 एक पावसाळा गेल्यावर. शेवटच्या अटीला बरेच जण नाक मुरडतात. मग 5 टक्क्यांवर तडजोड करा, पण शून्यावर नको.

निम्मी रक्कम आधी मागणारा माणूस भांडवलाशिवाय काम करतो. मजुरांचा आठवड्याचा पगार त्याला तुमच्याकडून काढावा लागतो आणि तुम्ही आठवडाभर गावाला गेलात की काम थांबतं. मजुरीची उचल शनिवारी द्यायची प्रथा ठीक आहे, पण ती झालेल्या कामाच्या मोजणीवर द्या आणि प्रत्येक वेळी वहीत सही घ्या. शक्य तेवढं यूपीआय किंवा चेकने.

तारखा ठरवताना सणवार धरा. जत आणि विजापूर भागातले कामगार यात्रेला, लग्नसराईला गावी जातात आणि आठ-दहा दिवस फिरकत नाहीत. गच्चीचं काम मेच्या मध्यापर्यंत संपवायचं असेल तर मार्चमध्येच सुरू करा.

काम चालू असताना

झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी बघायचं. पाइपलाइन भिंतीत बुजवण्याआधी प्रेशर पंप लावा आणि काही तास काटा खाली येतो का बघा. बाथरूमच्या खड्ड्यात वॉटरप्रूफिंग झालं की फरशीआधी 24 ते 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यालाही (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) तशीच चाचणी. उतार साधारण 100 फुटांना एक फूट, आउटलेटकडे. चाचणीला "कशाला वेळ घालवता" म्हणणारा ठेकेदार पुढच्या हप्त्याला पात्र नाही.

नवीन स्लॅब असेल तर सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून ठरावीक अंतरावर धरणारे ठोकळे) हवेतच. स्लॅबला 20, बीमला 25 आणि कॉलमला 40 मिमी. कपच्या आणि फरशीचे तुकडे चालत नाहीत. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारायचं, उन्हाळ्यात चौदा. स्लॅबचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) सात दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्याला चौदा. 6 मीटरपर्यंतच्या बीमखालचे चौदा. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात म्हणून तो घाई करतो. त्याच्या घाईचा भार तुमच्या स्लॅबवर येऊ देऊ नका.

पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल.

बिनसलं तर

आधी मोजमाप आणि फोटोंसह लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टाने. मग ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. घरबांधणीचं काम ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधल्या "सेवे"त येतं. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. महारेराकडे मात्र जाऊ नका. ते विक्रीसाठीच्या प्रकल्पांसाठी आहे, तुमच्या स्वतःच्या घराच्या दुरुस्तीसाठी नाही. रोजावर लावलेल्या गवंड्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाणं अवघड असतं, कारण व्यक्तिगत सेवेच्या करारातली चाकरी कायद्याने त्यातून वगळली आहे. मोठं काम रोजावर न देता ठेक्याने आणि कराराने द्यायचं ते यासाठीही.